चौदा राहिली होती

“सुनीती, सानवीला फोन लाव गं जरा.”

आवाज अगदी रोजचा होता. पेपर आला का बघ, चहात आलं टाक, असं सांगताना असायचा तसाच. तीन वर्षं उलटली, तरी सुनीतीबाईंना तो जसाच्या तसा ऐकू येई. दर वेळी त्या मनाशी तपासून बघत, त्या आवाजात काही वेगळं होतं का? घोगरेपणा, घाई, काहीतरी? काही नव्हतं. म्हणून तर त्या उठल्या नाहीत.

चातुर्मास होता. सासूबाईंनी घालून दिलेल्या नेमाप्रमाणे सुनीतीबाई सकाळी अंघोळ करून अंगणात तुळशीपुढे तेहतीस गोपद्मं काढायच्या. गाईच्या खुरांची ती इवलीशी चित्रं, रांगोळीच्या चिमटीतून एकेक उमटवायची. हात लावल्यापासून तेहतिसावं पुरं होईतो माणसाशी बोलायचं नाही आणि जागचं उठायचं नाही. पाच वर्षांचा नेम, मग उद्यापन. ते दुसरं वर्ष होतं. आतून नवऱ्याची, मधूंची हाक आली तेव्हा एकोणीस झाली होती. सुनीतीबाईंनी डावा हात वर करून ‘थांबा’ अशी खूण केली. आतल्या खोलीतल्या माणसाला अंगणातला हात दिसत नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. उरलेली चौदा त्यांनी काढली, नमस्कार केला, हात धुतले आणि मग आत गेल्या.

मधू भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांवर चष्मा होता. फोन समोरच्या फळीवर होता, बसल्या जागेवरून हात पुरणार नाही असा.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी काही करू शकलं नसतं. बघता बघता घर माणसांनी भरलं. पळसदरीहून मधूंच्या थोरल्या बहीण आल्या, सुनीतीबाईंच्या वन्सं. त्यांनी सुनीतीबाईंचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “झोपेतच ना गं गेला? कळलंसुद्धा नसेल ना त्याला?”

सुनीतीबाईंनी मान हलवली.

तेवढंच. तोंडातून एक शब्द काढला नाही, नुसती मान हलवली. पण ती हलवलेली मान पुन्हा मागे घेता आली नाही. दुपारी बंगळूरहून विमान पकडून सानवी आली, तेव्हा तिला कवटाळून वन्संनीच सांगितलं, “झोपेत गेला हो पोरी. पुण्यवान माझा भाऊ.” पुढे वर्षश्राद्धाला, लग्नामुंजीत, देवळात भेटेल त्याला वन्सं हेच सांगत आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. सुनीतीबाई शेजारी बसून ऐकत.

एकुलत्या एका लेकीला बापाने शेवटची हाक मारली होती आणि ती आपण तिच्यापर्यंत पोचू दिली नाही. हे सानवीला कळलं तर ती या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायची नाही, अशी सुनीतीबाईंची पक्की खात्री होती. म्हणून त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

म्हणजे एकाला सांगितलं. मधू गेल्यावर नातेवाइकांतल्या बायकांनी सुचवून पाहिलं, की गोपद्मं हे सुवासिनीचं व्रत, आता सोडलंस तरी चालेल. सुनीतीबाईंनी सोडलं नाही. लोक म्हणाले, श्रद्धा बघा. श्रद्धा होतीच, पण तुळशीपुढे वाकलं की दुसरंही काही व्हायचं. एकोणीस काढून झाली की हात आपोआप अडखळे आणि त्या हलक्या आवाजात देवाला ती सकाळ पहिल्यापासून सांगत. रोज. नेम माणसाशी न बोलण्याचा होता. देव काही माणूस नव्हे.

*

सानवी तिशीची. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढली, कारण मधूंची सगळी नोकरी तिथेच झाली. पुढे कर्जतला घर बांधलं, पण तोवर लेक मुंबईला गेली होती आणि डीजे झाली होती. आता कर्जतात डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टेंपोवर रचलेली स्पीकरांची भिंत येते. पलीकडच्या गल्लीतली अबोली तर भाच्याच्या हळदीची तारीख घेऊन आली होती. “घरचंच आहे म्हणून विचारते हो, वरातीला पण येईल ना सानवी?” सुनीतीबाईंनी तिला चहा पाजला आणि म्हणाल्या, “तिचं जरा निराळं असतं.” निराळं म्हणजे कसं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सानवी एका यंत्रापुढे उभी राहून गाणं जागच्या जागी रचत जाई आणि त्याच वेळी भिंतीवर, छतावर चित्रं हलवी. ठेका बदलला की चित्र बदले. लोक त्यावर नाचत. मुंबई, पुणे, गोवा, बंगळूर सगळीकडे तिचे कार्यक्रम होत, पण सुनीतीबाईंनी एकही पाहिला नव्हता.

यंदा आषाढी एकादशीच्या आधी ती घरी आली आणि अंगणाच्या पत्र्याखाली एक छोटा कॅमेरा लावून गेली.

“फक्त तुझा हात दिसेल. चेहरा नाही, घर नाही. चार महिने रोज तोच हात तेच चित्र काढतो, हे मला हवंय. घेऊ ना?”

“देवाचं आहे गं ते.”

“म्हणून तर विचारतेय.”

सुनीतीबाईंनी एक दिवस विचार केला. हात दिसायला काय हरकत आहे? पाचवं, शेवटचं वर्ष आहे. लेक आपल्या नेमाकडे बघते आहे हेच त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी होकार दिला.

कोजागिरी झाली आणि पुढच्या रविवारचा कार्यक्रम कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या एका जुन्या भाताच्या गिरणीत ठरला. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मुंबईच्या कुणीतरी ती घेऊन आत क्लब केला होता आणि रविवारी दुपारी तिथे नाचगाणं चाले, संध्याकाळी लोक आपापल्या गाड्यांनी परत. “रात्रीचं नाही, दारू पिऊन कुणी अंगावर पडणार नाही, घरापासून पंधरा मिनिटं,” सानवी बोटांवर मोजत म्हणाली. “आता तुला सबब नाही, आई. एकदा तरी ये.”

सुनीतीबाईंनी फिकी जांभळी साडी काढली आणि गेल्या.

गिरणीच्या दाराशी भिवाजी बसला होता. हा पूर्वी याच गिरणीत हमाल होता, आता राखणदार. त्याने सुनीतीबाईंना ओळखलं, स्टूल पुसून दिलं.

“बसा ताई हितं. आत लई आवाज. आमी हितं भात कांडायचो. आता पब्लिक सोताला कांडून घेतं.”

“चाळीस वर्षं तुम्ही यंत्राचा आवाज ऐकलात. तुम्हाला काय होतंय?”

“यंत्र थांबायचं वो जेवायच्या टायमाला. हे नाय थांबत.”

तेवढ्यात हर्षला आली. ही सानवीची मैत्रीण, तिच्या कार्यक्रमांची सगळी व्यवस्था हीच बघे. तिने सुनीतीबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं आणि भिंतीकडेच्या चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसवलं. बाहेर तीनचं टळटळीत ऊन आणि आत काळोख. खिडक्यांना काळे पडदे. कोंड्याचा जुना वास अजून होता आणि त्यात अत्तरांचे, घामाचे वास मिसळले होते. तीनशे तरी पोरंपोरी असतील. पुढे उंचावर, यंत्राच्या निळ्या उजेडात सानवी. केस बांधलेले, कानाला एकाच बाजूने हेडफोन. शाळेत असताना गणित सोडवताना खालचा ओठ दाताखाली धरायची, तसा धरलेला. सुनीतीबाईंना एकदम भरून आलं.

मग समोरच्या भिंतीवर त्यांचा हात उमटला.

दोन मजले उंच हात. त्यावरच्या शिरा, नखं, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग. चिमटीतून रांगोळीची धार पडत होती आणि तिचा शुभ्र पाऊस भिंतीवरून खाली येऊन जमिनीवर गोपद्मं होत होती. एक, दोन, दहा, शंभर. सगळी जमीन भरली. आणि त्यांच्यावर लोक बूट घालून नाचत होते.

सुनीतीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. हर्षलाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “उजेड आहे नुसता, काकू. पायाला काही लागत नाही.”

ते त्यांनाही कळत होतं. पण त्यांचे स्वतःचे पाय खुर्चीवर ओढले गेले होते आणि ते खाली ठेवायचं धाडस होईना. हळूहळू त्यांनी ते ठेवले. मनातल्या मनात क्षमा मागितली, कुणाची ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पोरीने वाईट बुद्धीने तर काही केलेलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आणि तेव्हा त्यांना किणकिण ऐकू आली.

ढोल वाजावा तशा त्या जाडजूड ठेक्याच्या मधोमध बारीक किणकिण. किण, किण-किण. सुनीतीबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या दोन पाटल्यांचा आवाज होता तो. पाठोपाठ अंगणातला बुलबुल बोलला. मग दूरवरून गाडीचा भोंगा, सकाळी घरात ऐकू येतो तो.

“हर्षला,” त्यांनी विचारलं. ऐकू गेलं नाही. त्यांनी तिच्या बाहीला धरलं. “यात आवाजपण आहे?”

“आहे ना! सगळा तुमच्या अंगणातला. बुलबुल भारी वाटतो ना?”

“सगळा म्हणजे?”

“नव्वदच्या वर सकाळी आहेत, काकू. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये घातल्यात. तो ठेका ऐकतो आणि त्यावर बसेल तो तुकडा आपणच उचलतो. कुठला कधी येईल हे सानवीलाही माहीत नसतं. तीच तर मजा.”

“तिनं ऐकलंय का ते सगळं?”

“छे हो. एवढ्या सकाळी कोण ऐकत बसणार?” हर्षला हसली. “आणि ऐकायचं काय? तुमचं मौन असतं ना तेव्हा. सानवीच म्हणाली, आई तोंडातून शब्द काढत नाही, त्यामुळे आयता स्वच्छ आवाज मिळालाय.”

सुनीतीबाई उठल्या. चौथऱ्यावरून उतरताना साडीचा काठ पायात आला. समोर पाठी होत्या, उड्या मारणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या पाठी. “जरा जाऊ द्या हो,” त्या म्हणाल्या. जन्मात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आणि तो या वेळी चढवावा म्हटलं तर चढेना. एका मुलाने त्यांना पाहून कौतुकाने वाट करून दिली, दोन्ही हात वर करून म्हणाला, “आजी, नाचा!” दुसऱ्याने त्यांचा हात धरून गिरकी घ्यायला लावली. त्या कशाबशा सुटल्या. गिरणीच्या मध्यावर पोचल्या असतील नसतील, तेव्हा तो आवाज आला.

“चौदा.”

हलका, पुटपुटता, सकाळचा आवाज. यंत्राने तो उचलला आणि ठेक्यावर बसवला. चौदा. चौदा. चौदा राहिली. चौदा राहिली होती. चौदा.

पोरं खूश झाली. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “चौदा!” मग दुसरा, मग सगळेच. तीनशे जण बोटं वर करून ठेक्यात ओरडू लागले. चौदा! चौदा! सुनीतीबाईंच्या पायांखालून गोपद्मं सरकत होती. वर सानवी हसत होती. मान डोलावत तिने एक बटण फिरवलं आणि तो आवाज आणखी मोठा केला. तिला तो आवडला होता.

मग पुढचा तुकडा पडला.

“...सानवीला फोन लाव म्हणाले...”

सानवीची मान डोलायची थांबली. आपलं नाव ऐकून माणूस जसं बघतो तसं तिने यंत्राकडे बघितलं. आणि मग तिने तेच केलं, जे अनोळखी आवाज आला की ती नेहमी करते: बाकीचं सगळं काढून घेतलं. ढोल गेला, किणकिण गेली. तो एक तुकडा तिने पकडला, मागे नेला आणि सुरुवातीपासून मोकळा सोडला. नीट ऐकू यावा म्हणून. गिरणीच्या पत्र्याखाली, तीनशे माणसांच्या डोक्यांवरून, सुनीतीबाईंचा आवाज सावकाश चालत गेला.

“देवा, चौदा राहिली होती. चौदाच. आतून हाक मारली त्यांनी, सानवीला फोन लाव म्हणाले. मी ऐकलं. ऐकलं मी, आणि उठले नाही. चौदा पुरी केली आणि मग गेले. तोवर हे गेले होते. पोरीला वाटतं, झोपेत गेले. तूच बघ आता.”

मग बुलबुल बोलला.

सगळ्या दिव्यांनी एकदम डोळे मिटावेत तशी भिंत काळी झाली. क्षणभर काही नव्हतं. त्या क्षणभरात सानवीने गर्दीवर नजर फिरवली आणि मधोमध उभी असलेली जांभळी साडी यंत्राच्या निळ्या उजेडात तिला सापडली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सुनीतीबाईंना वाटलं, आता ती ओरडेल. तिने काही केलं नाही. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, आणि त्यांनी गिरणी डोक्यावर घेतली. शिट्ट्या, टाळ्या, परत एकदा, परत एकदा. सानवीने खाली बघितलं, खालचा ओठ दाताखाली धरला आणि ठेका पुन्हा सुरू केला. हात नाही, रांगोळी नाही. नुसता ठेका आणि पांढरा उजेड.

सुनीतीबाईंना बाहेर कसं आलो ते कळलं नाही.

*

गिरणीमागे भात वाळवायचं जुनं सिमेंटचं खळं होतं. त्याच्या कठड्यावर त्या बसून होत्या. पलीकडे शेतं पिवळी पडायला आली होती. भिवाजीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि काही न विचारता तो दूर जाऊन बसला. वीस-पंचवीस मिनिटांनी ठेका थांबला. थोड्या वेळाने सानवी आली. तिने कठड्यावर एक माणूस बसेल एवढी जागा सोडली आणि बसली.

“खरंय?”

“हो.”

“चौदा म्हणजे गोपद्मं?”

“हो.”

“चौदा काढायला किती वेळ लागतो?”

सुनीतीबाईंनी हे असंख्य वेळा मोजलं होतं. “सात मिनिटं. हात चालला तर सहा.”

सानवीने मान डोलावली.

“मी जागी होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “रात्रीचा शो करून सकाळी हॉटेलवर आले होते. साडेसहाला खाली इडली खात बसले होते. फोन ताटाशेजारी होता. उताणा. मी त्यावर कुठल्यातरी मांजराचा व्हिडिओ बघत होते, आई.”

सुनीतीबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

“काय सांगायचं होतं बाबांना?”

“माहीत नाही.”

“काहीतरी म्हणाले असतील.”

“एवढंच म्हणाले. नेहमीच्या आवाजात म्हणाले गं. चहा टाक म्हणायचे ना, तशा.”

सानवीने आपले दोन्ही हात पुढे केले आणि बघितले. ते तिने मांड्यांखाली दाबून धरले.

“मला ते आवडलं होतं,” ती म्हणाली. “तू चौदा चौदा म्हणत होतीस ना, तेव्हा. मला वाटलं, काय सुंदर सापडलंय. मी मोठं केलं. मीच मोठं केलं.” ती हसल्यासारखं करून थांबली. “रडूसुद्धा येत नाहीये. मला काय होतंय तेच कळत नाहीये. तुला देवाला सांगता येत होतं, रोज, तीन वर्षं. मला एकदा नाही?”

“देव उलट विचारत नाही,” सुनीतीबाई हळूच म्हणाल्या.

“मी विचारणार. आज नाही, पण विचारणार. कितीतरी.”

“विचार.”

“आणि तू उत्तर देणार.”

“देईन.”

हर्षला घाईघाईने कोपऱ्यावरून आली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. हातातला फोन नाचवत ती म्हणाली, “अगं, तो मधला भाग लोकांनी उचललाय. सगळे विचारतायत आवाज कुणाचा. काकू, तुम्ही स्टार झालात. अजेयनं तर शब्दन्‌शब्द टाकलाय, मराठीत खाली लिहून.” दोघींची तोंडं बघून ती गप्प झाली. “काय झालं?”

“कुठला अजेय?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“आपलाच. पळसदरीचा. होता ना आत, पुढच्या रांगेत.”

अजेय वन्संचा नातू, लेकीचा मुलगा. वन्संना आता धड वाचता येत नसे, डोळ्यांत मोतीबिंदू. अजेय संध्याकाळी घरी गेला की दिवसभरात फोनवर जमलेलं सगळं टीव्हीवर लावून आजीला दाखवी. सानवीमावशीचं असलं तर आधी दाखवी. आजी खुर्ची टीव्हीला टेकवून बसे.

“ऐकूनही त्याला कळलं नाही?” सानवी म्हणाली.

“त्याला ते गाणं वाटलं असेल. इतरांना वाटलं तसंच.”

“आत्याला वाटणार नाही.”

“नाही.” वन्संनी धाकट्या भावजयीचा आवाज चाळीस वर्षं ऐकला होता. अंधारात ओळखला असता.

सानवीने खिशातून फोन काढला. “मी त्याला काढून टाकायला लावते.”

“एकानं काढून काय होणार? तीनशे जणांच्या खिशात आहे ते.” सुनीतीबाईंनी तिच्या फोनवर हात ठेवला. “वन्सं तो टीव्ही लावायच्या आत त्यांना कळायला हवं. माझ्याकडून.”

“काय सांगशील?”

“झालं ते.”

“की चातुर्मास संपल्यावर सांगशील? उद्यापन वगैरे करून?” सानवीचा आवाज पहिल्यांदाच कडू झाला.

सुनीतीबाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांनी देवाला अगदी हेच सांगून ठेवलं होतं, उद्यापन झालं की पोरीला सांगेन. पोरीला ते कसं कळलं असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं, पोरीने नुसता टोमणा मारला होता; पण तसल्याही सकाळी त्या यंत्रात असतील, कधीतरी ती ऐकेल.

“आज,” त्या म्हणाल्या. “आत्ता जाते.”

“आणि मान नाही हलवायची. आत्या म्हणेल, जाऊ दे गं, झोपेत म्हणजे झोपेतच समजायचं आपण. ती तुला वाट काढून देईल, मला माहितीये. तू घ्यायची नाहीस.”

“नाही घेणार.”

“शब्द दे.”

सुनीतीबाईंनी शब्द दिला. हातावर हात ठेवून द्यायची पद्धत, पण सानवीचे हात अजून मांड्यांखालीच होते, म्हणून तोंडानेच दिला. “वन्संना आज सगळं सांगेन. एकोणिसापासून. काही गाळणार नाही.”

“मी येऊ गाडी घेऊन?”

“नको. तू आलीस की त्या तुझ्याकडे बघून रडतील, माझ्यावर रागावायचं राहून जाईल.”

सानवीने पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिलं. हर्षला एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकत उभी होती. तिने हळूच फोन पाठीमागे नेला.

सुनीतीबाईंनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, पदराने पुसलं आणि खळ्यावरून उतरल्या. गिरणीच्या पुढच्या अंगणात गाड्या निघायच्या गडबडीत होत्या. दोन मुली एकमेकींना काहीतरी दाखवत हसत होत्या, आणि त्यांच्या फोनमधून तोच पुटपुटता आवाज बारीक होऊन येत होता. सुनीतीबाई त्यांच्या शेजारून गेल्या. मुलींनी वर पाहिलं नाही.

फाटकाशी भिवाजी उठून उभा राहिला. “ताई, रिक्शा थांबवू काय? कर्जतला जायचं ना?”

“पळसदरीला.”

“आता? तकडची गाडी अर्ध्या तासानं हाय बगा. बसा तवर.”

“चालत जाते. जवळच आहे.”

“मोटारी लई हायेत रविवारच्या. कडेकडेनं जावा.”

“हो,” सुनीतीबाई म्हणाल्या.

रस्ता ओलांडून त्या पलीकडच्या कडेला लागल्या. ऊन कलायला लागलं होतं. मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या एकामागून एक येत होत्या, त्यांच्या काचा बंद होत्या. पहिलं वाक्य काय असावं, याचा त्या विचार करत होत्या. वन्सं, मला तुम्हाला काही सांगायचंय. नाही, तसं म्हटलं की त्या पाणी आणायला उठतील, बस म्हणतील, खायला काढतील. मग ते मागेच पडत जाईल. दारातच सांगावं. चपला काढायच्या आधी.

त्यांनी पदर नीट खांद्यावर घेतला आणि चालायला लागल्या.